ढेकणांची लाज कशाला?

लक्ष्मी कमळात, शंकर हिमालयावर आणि विष्णू क्षीरसागरात का निजतात, याचे कारण एका विनोदी संस्कृत सुभाषितकाराला मत्कुणाच्या, म्हणजे ढेकणाच्या, धास्तीत सापडले. ज्यांना यांपैकी कोणतेच शयनस्थान उपलब्ध नव्हते अशा आमच्या गिरगावातल्या चाळकऱ्यांची, वैशाखातल्या एखाद्या रविवारी खाटा गॅलरीत काढून त्यांच्या सांध्यांत उकळते पाणी ओतण्याची आणि पाये फरशीवर आपटून बाहेर पडलेल्या फरारींचा वहाणेने निकाल लावण्याची जुनी वहिवाट होती. ही मोहीम सर्वांच्या देखत चाले. शेजारी आपली किटली घेऊन कुमकेस येत, आणि ढेकूण मूळचा कोणाच्या खोलीतला यावर तंटा झालाच, तर तोही उघड्यावर होई.

सदनिकांची दारे लागली आणि ढेकूण ही गुप्त बाब झाली. गादीच्या शिवणीवर टाकाने शाई टिपल्यासारखे काळे ठिपके दिसले की चादर ताणून ते झाकले जातात. पाहुण्यांना कळेल, व्याह्यांना कळेल, ही भीती चाव्यापेक्षा अधिक झोंबते. वास्तविक या प्राण्याचा अस्वच्छतेशी संबंध थोडा. त्याला खरकटे नको, रक्त हवे, आणि ते बंगल्यात व झोपडीत सारखेच मिळते. प्रवासातल्या बॅगेतून किंवा जुन्या बाजारातल्या सोफ्यातून तो दाखल होतो, आणि एकदा मुक्काम ठोकला की उपाशीपोटीही भिंतीच्या भेगेत कित्येक महिने तग धरतो. डीडीटीचा कीटकनाशक गुण ओळखल्याबद्दल पॉल म्यूलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण थोड्याच वर्षांत ढेकूण त्या औषधाला पुरून उरला, आणि पुढे आलेल्या पायरेथ्रॉइड वर्गातल्या फवाऱ्यांनाही ठिकठिकाणी दाद देईनासा झाला.

फवारा लागू पडत नाही आणि शेजाऱ्याला तर कळू द्यायचे नाही, अशा कोंडीत सापडलेला गृहस्थ जे करतो ते मात्र भयंकर आहे. धान्यकोठारांसाठी असलेल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, ज्यांची सर्वसामान्यांस विक्री करण्यास सरकारची मनाई आहे, तो कुठूनतरी पैदा करतो आणि खाटेखाली ठेवून दार ओढून घेतो. हवेतल्या ओलाव्याने त्या गोळ्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, फटींतून शेजारच्या घरात शिरतो, आणि या विषावर उतारा नाही. आपल्या देशात या गोळ्यांनी निजल्या जागी माणसे मेली आहेत. नुसत्या ढेकणाने मात्र, रक्त पिऊन झोपेचे खोबरे केले तरी, कोणाचा जीव गेल्याचे ऐकिवात नाही.

माझ्या मते हा विषय सोसायटीच्या सभेत, पाण्याची टाकी धुण्याच्या विषयाइतक्याच निर्विकारपणे निघाला पाहिजे. एकाच घरात बंदोबस्त केला तर उरलेली मंडळी भिंतीपलीकडे बिऱ्हाड हलवतात. म्हणून वरच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या घरांची तपासणी एकाच वेळी व्हावी, जाणकाराकडून फवारणी करून घ्यावी, आणि पहिल्या फवाऱ्यातून वाचलेल्या अंड्यांतून निघणाऱ्या पिलांसाठी दोनेक आठवड्यांनी ती पुन्हा करावी. खर्चाची वाटणी कशी करायची, यावर वाद होईल. तो खुशाल होऊ द्यावा. ज्यांच्या गादीवर ते काळे ठिपके आज दिसले असतील, त्यांनी चादर ताणण्यापूर्वी शेजारची घंटा वाजवावी, एवढीच विनंती.