म्हशीची तपासणी होते, कॉलेजची नाही

मा. संपादक,


‘पदवीच्या नादाला लागू नका, आयटीआय करा’ असा सल्ला देणारा लेख आपल्या अंकात वाचला. सल्ला वाईट नाही. पण तो देणाऱ्यांची स्वतःची मुलं आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये कानस घासताना मी तरी पाहिलेली नाहीत. शिवाय पदवी नसेल तर राज्यसेवेचा फॉर्मसुद्धा भरता येत नाही, आणि सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न कोणता येतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. पदवी हवी की नको हा वाद म्हणूनच मला फिजूल वाटतो. कुठली पदवी आणि केवढ्याला, हे विचारा.

मी ३१ वर्षं बँकेत होतो, त्यातली बरीच ग्रामीण शाखांत. म्हशीसाठी कर्ज मागायला शेतकरी आला की आम्ही वेत कितवं, दूध किती, हे विचारायचो. पशुवैद्यकाचा दाखला, विमा, कानात बिल्ला, सगळं बघायचो. त्याच शेतकऱ्याचा मुलगा इंजिनिअरिंगसाठी ५ लाख मागायला आला की बघायचो सातबारा, जामीनदार आणि कॉलेजचं फीचं पत्र. ज्या कॉलेजवर पैसे लावायचे ते दुभतं आहे की भाकड, हे आमच्यापैकी एकानंही कधी विचारलं नाही. मीही नाही.

आता हिशेब. वर्षाला सव्वा लाख असे चार वर्षांत ५ लाख उचलले, व्याज १० टक्के. शिक्षण चालू असताना आणि पुढं एक वर्ष हप्ता नसतो. हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही, अशी निम्म्या पालकांची समजूत असते. पण सरळव्याजानंसुद्धा पाचव्या वर्षाअखेर ५ लाखांचे पावणेसात झालेले असतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता पडतो ८,९०० च्या आसपास. मार्चअखेरीच्या टार्गेटच्या घाईत हे न सांगता मी सह्या घेतल्या आहेत. ‘साहेब, पोरगं इंजिनिअर झालं की फिटलंच समजा,’ म्हणणारे एक गृहस्थ अजून आठवतात. मुलगा चाकणला कंत्राटी ट्रेनी म्हणून लागला, हातात १६ हजार. खोली आणि मेसला आठ गेले की हप्त्यालाही पुरत नव्हते, चहा-बसभाडं दूरच. हप्ता उसाच्या बिलातून गेला.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सहभागानं निघालेल्या २०२४ च्या अहवालात २०२२ चे आकडे आहेत: पदवीधर तरुणांतली बेरोजगारी २९.१ टक्के, लिहिता-वाचता न येणाऱ्यांतली ३.४. म्हणून शिकूच नये असं मी म्हणणार नाही. निरक्षराला घरी बसणं परवडत नाही, एवढंच. पदवीधराला ते परवडतं बापाच्या जिवावर. बापाच्या डोक्यावर हप्ता असला की तेही नाही.

१९८३ साली वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि आमच्याकडच्या पोरांचं कर्नाटकात डोनेशन भरायला जाणं कमी झालं, हे मी विसरत नाही. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना २०२४ पासून शिक्षण शुल्क माफ आहे, तेही चांगलं झालं (होस्टेल-मेसचा खर्च मात्र आहेच). तक्रार आहे ती एसटी स्टँडसमोरच्या फ्लेक्सवर. सात हसरे चेहरे, खाली ‘हायेस्ट पॅकेज’. बाकीच्या शेकडोंचं काय झालं? ‘९५ टक्के प्लेसमेंट’ काढताना विषय राहिलेली मुलं अनेकदा मुळात मोजलेलीच नसतात.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक कॉलेजनं शाखावार छापावं: प्रवेश किती, चार वर्षांत पास किती, नोकरीला लागले किती आणि त्यातल्या, पगाराच्या क्रमानं मधोमध येणाऱ्या मुलाचा पगार किती. शुल्क नियामक प्राधिकरणानं फी मंजूर करताना हा कागद मागावा, आणि बँकेनं तो पालकाला वाचून दाखवल्याशिवाय कर्जावर सही घेऊ नये.

यंदा नातीची सीईटी झाली. ऑप्शन फॉर्म भरण्याआधी मी तीन कॉलेजांना फोन करून हेच चार आकडे विचारले. एकानं दुसऱ्या दिवशी पाठवले. दोघांनी सांगितलं, ‘काका, कॅम्पस बघायला या ना, एसी बस पाठवतो.’

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी
ता. वाळवा, जि. सांगली