इंटरव्हलनंतरचा बाप

श्रीराम राघवन यांचा ‘बदलापूर’ २० फेब्रुवारी २०१५ रोजी प्रदर्शित झाला. इतकी वर्षं लोटली तरी त्याचं नाव निघालं की दोन तक्रारी ठरलेल्या असतात. एक, सुरुवात जबरदस्त होती, पण इंटरव्हलनंतर हिरोच व्हिलन झाला आणि पिक्चर बिघडला. दुसरी, अख्खा पिक्चर नवाजुद्दीननं खाल्ला. ज्या बापाच्या बाजूनं आपण बसलो होतो त्याच्यापेक्षा त्याच्या पोराचा खुनीच जवळचा वाटू लागला. या दोन्ही तक्रारी मला प्रामाणिक वाटतात, आणि चित्रपट साधला याचा त्याहून चांगला पुरावा मला दिसत नाही. ज्याचं दुःख पाहून पहिल्या अर्ध्या तासात घशात आवंढा येतो, त्याच माणसाची शेवटी भीती वाटावी, हेच राघवन यांना दाखवायचं होतं. प्रेक्षकाला ते नेमकं जाणवलं. फक्त त्यानं त्या जाणिवेला ‘बिघडला’ असं नाव दिलं.

चित्रपटाची सुरुवात आठवून पाहा. पुण्यातला एक साधा रस्ता, समोर बँक, आणि न हलणारा कॅमेरा. माणसं येतात-जातात, वाहनं जातात, आणि त्याच चित्रात दरोडा घडतो. पळून जाणाऱ्या गाडीत त्या बापाची, म्हणजे रघूची, बायको मीशा गोळी लागून जाते, लहानगा रॉबिन धावत्या गाडीतून खाली पडतो. सूडपटांत बापाचा हात उगारला की पार्श्वसंगीत चढतं, चाल मंदावते, आणि टाळी कुठं वाजवायची हे प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. इथं पंधरा वर्षांनी रघू हातोडा उचलतो तेव्हा तसली कुठलीच मदत मिळत नाही. दरोड्यातला साथीदार हरमन आणि त्याची बायको कांचन यांचा खून इतक्या कोरड्या रीतीनं येतो की टाळीला उचललेला हात तसाच राहतो. देखणी मांडणी हिंसेला सजवते असं आपण धरून चालतो. राघवन यांनी तीच मांडणी हिंसेवरचा साज उतरवण्यासाठी वापरली, आणि माझ्या मते त्यांच्या कामातली ही सर्वांत धाडसाची गोष्ट आहे. वरुण धवनसारखा तेव्हा नाचगाण्यांसाठी ओळखला जाणारा, कोवळ्या चेहऱ्याचा नट रघू म्हणून घेणंही त्यातलंच. दणकट, रागीट चेहरा असता तर आपण पहिल्या रिळापासूनच सावध झालो असतो.

एक आक्षेप मात्र मी खोडून काढू शकत नाही. रघूचा सूड आधी बायकांवर उतरतो. नवाजुद्दीननं साकारलेल्या खुनी लायकची मैत्रीण झिमली आणि हरमनची बायको कांचन, दोघींचाही दरोड्याशी संबंध नाही. कांचनला कपडे उतरवायला लावण्याचा प्रसंग बापाचं अधःपतन दाखवतो हे खरं, पण कॅमेरा तिथं हवा त्यापेक्षा जास्त रेंगाळतो. हा चित्रपटाचा दोष आहे आणि तो मान्यच करायला हवा. तरीही त्या प्रसंगानं जी किळस येते ती रघूची येते. सुडाची किंमत बहुतेक वेळा तिसरंच कुणीतरी भरतं, ही गोष्ट इतर सूडपट पडद्याबाहेर ठेवतात. त्याच वर्षी जुलैत निशिकांत कामत यांचा हिंदी ‘दृश्यम’ आला. घरच्यांना वाचवण्यासाठी एका मुलाचा मृत्यू लपवणाऱ्या विजय साळगावकर या बापाला प्रेक्षकानं डोक्यावर घेतलं. पण शेवटी तो त्या मेलेल्या मुलाच्या आईबापासमोर उभा राहून क्षमा मागतो, त्या प्रसंगाबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मेलेलाही कुणाचा तरी मुलगा होता, हे ऐकायला आपल्याला जड जातं.

‘पिक्चर आहे, करमणूक म्हणून पाहा,’ असं म्हणणाऱ्यांना मला खऱ्या बदलापूरची आठवण करून द्यावीशी वाटते. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे रोखली. तो संताप योग्यच होता. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, आणि मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले. गावाच्या नावावरची तीच कोटी, पण चित्रपटात ती बोचते आणि फलकावर ती जल्लोष करते. पुढे आरोपीचा बाप उच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात पाच पोलिसांना त्या मृत्यूसाठी जबाबदार धरल्याचं न्यायालयासमोर आलं. त्या दोन मुलींच्या खटल्यात भर न्यायालयात काय काय समोर आलं असतं, आणखी कुणाकुणाची जबाबदारी निघाली असती, हे मुख्य आरोपीबरोबरच अर्धं पुसलं गेलं. पडद्यावर टाळी कुठं वाजवायची याची सवय आणि रस्त्यावरचा हा जल्लोष मला वेगळे काढता येत नाहीत.

यावर सगळ्यात वजनदार उत्तर येतं ते असं की, न्यायालयात तारखांवर तारखा पडतात, बापानं करायचं काय? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. पण कोपर्डी आठवावी. जुलै २०१६ मध्ये तिथं एका मुलीची हत्या झाली. ९ ऑगस्टला औरंगाबादेत पहिला मूक मोर्चा निघाला आणि मग मराठवाडाभर, जिल्ह्यामागून जिल्ह्यात लाखो माणसं घोषणा न देता चालली. त्यांनी आरोपींना आमच्या ताब्यात द्या असं म्हटलं नाही, न्यायालयानं शिक्षा द्यावी असं म्हटलं. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी सत्र न्यायालयानं तिघांना फाशी सुनावली. सोळा महिन्यांत निकाल लागू शकतो, तर दर खटल्यात तो तसा लागावा यासाठी तीच माणसं पुन्हा चालू शकतात.

मराठवाड्याशीच जोडलेली एक कथा इथं आठवते. नरसीचे नामदेव महाराज पूर्वायुष्यात वाटमारी करत होते आणि त्यांनी चौऱ्याऐंशी घोडेस्वार मारले, असं एक जुनं कथन आहे. बहुतेक अभ्यासकांना ते मान्य नाही, मलाही नाही. पण ज्या कुणी ते रचलं त्यानं पालट कुठं घडवला ते पाहण्यासारखं आहे. औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात मारलेल्या एका स्वाराची विधवा आणि तिचं भुकेलं लेकरू समोर येतं, आणि मारणारा आतून मोडतो. शस्त्र घेऊन त्याच्या अंगावर कुणी धावून येत नाही. राघवन यांच्या लायकचंही असंच होतं. कर्करोगानं मरणारा हा माणूस रघूनं केलेले खून स्वतःच्या माथी घेतो आणि पुन्हा तुरुंगात जातो.

‘बदलापूर’ अर्धा पाहून सोडला असेल तर पुढचा अर्धा पाहा. चित्रपट संपतो तेव्हा खुनी लायक कोठडीत मेलेला असतो, आणि दोन खून केलेला बाप बाहेर मोकळा उभा असतो.