शीट सोडायलाही शिकवा

हिवाळ्यात मुंबई बंदरातला सकाळचा ईशान्येचा वारा दुपारी पडतो आणि वायव्येकडून खारा वारा भरू लागतो. सुरुवातीला तो हलकाच असतो. पाणी मात्र मांडवा आणि घारापुरीच्या लाँचींनी ढवळलेले. अशा वेळी प्रशिक्षकांच्या बोटीवरून एकच हाक येते, 'शीट ओढ!' मुले ओढतात, ब्लॉकला ब्लॉक भिडतो, नाळ वाऱ्याकडे रोखलेली दिसते आणि बोट लाटेवर आपटत जागच्या जागी राहते. ही हाक बदलायला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हलक्या वाऱ्यात शीट जास्त ताणली की लीच मिटते, वारा शिडाच्या मागच्या बाजूने सुटून जातो आणि वेग पडतो. डॅगरबोर्डला पाण्यातून वेग मिळाला तरच तो बोटीला आडवे घसरण्यापासून रोखतो. त्यामुळे नाळ वर रोखलेली असूनही बोट खाली वाहत जाते. वाऱ्याआडची टेलटेल लोंबू लागली की शीट वीतभर सोडा, नाळ किंचित खाली घ्या, वेग धरू द्या. उंची त्यानंतर मागा. आउटहॉलही सैल हवा. उभ्या, तुटक लाटांत भरलेले शीडच बोट पुढे काढते.

जोरदार वाऱ्यातला प्रश्न याहून अवघड, आणि तिथे किकरकडे फार दुर्लक्ष होते. इल्का बोटीच्या डोलकाठीला आधाराच्या तारा नाहीत. तिला वाकवण्याचे काम शीट आणि किकरच करतात. किकर सैल असताना झोत आला आणि शीट सोडली, तर बूम बाहेर जाण्याआधी वर उचलली जाते. काठी सरळ होते, शीड फुगते. जोर कमी करायचा त्याच क्षणी तो वाढतो. म्हणून आधी ब्लॉकला ब्लॉक भिडवून किकरचा ढिलावा काढावा आणि वारा वाढेल तसा किकर आणखी ओढावा. मग सोडलेली शीट बूमला सरळ बाहेर नेते, शीड चपटेच राहते. एवढे करूनही बोट कलत असेल तर कनिंगहॅम सढळ हाताने ओढा; पोट पुढे सरकते, वरची लीच उघडते.

२०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूरने इल्का-४ मध्ये रौप्य आणि विष्णू सरवणनने इल्का-७ मध्ये कांस्य मिळवले. आपल्याकडची मुले याच बोटींवर घडत आहेत. त्यांना दोरीवरच्या खुणा पाठ करून देणे सोपे आहे, पण बंदरातला वारा आणि भरती-ओहोटीची ओढ एका टॅकपासून दुसऱ्या टॅकपर्यंत बदलतात. खूण सुरुवातीपुरती ठीक, पुढे नजर टेलटेलवर आणि हात शीटवर हवा.

प्रशिक्षकांना एक विनंती. आपली बोट मुलांच्या शेजारून न चालवता थोडा वेळ थेट मागून चालवा. लीच मिटली आहे की उघडी, हे मागूनच नीट दिसते. आणि वाऱ्याकडचे मार्क जवळ आले की वळण्याआधी किकर सोडायची आठवण द्या. ताणलेल्या किकरने खाली वळताना बूमचे टोक पाण्यात शिरते आणि चांगली चाललेली बोट तिथेच उलटते.