पिशवी काढली म्हणून अंग सावरत नाही

अंग बाहेर येण्याचं दुखणं बायका वर्षानुवर्षं पदराआड दडवतात. गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी करून डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. 92 टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी तपासून घेतलं होतं फक्त 8 टक्के जणींनी. हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारसारख्या गावातली बाई दवाखान्याची पायरी चढते ती अगदीच असह्य झाल्यावर, आणि तिथं सल्ला मिळतो: ‘दुर्बिणीनं, बिनटाक्याची पिशवी काढून टाका.’

या सल्ल्याच्या समर्थकांचा मुद्दा पोकळ नाही. हळदीच्या हंगामात मजूर बाईला परभणी-नांदेडच्या खेपा परवडत नाहीत. एकदाच काय तो निकाल लागावा, असं घरच्यांनाही वाटतं.

पण निकाल लागतो का?

गर्भाशय खाली सरकतं ते त्याला धरणारे बंध आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडल्यामुळे. अवघड बाळंतपणं, जड ओझी, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता ही त्यामागची कारणं. पिशवी काढल्यावरही बंध सैलच राहतात. ते नीट बांधले नाहीत, तर पुढे योनीचा माथाच खाली उतरू शकतो. शिंकं तुटलं म्हणून मडकं फोडायचं, त्यातला हा प्रकार.

‘ठेवलीत तर कॅन्सर होईल’ ही भीतीही निराधार आहे. अंग येण्याचा कॅन्सर होत नाही. अशा भीतीचं मोल बीडनं मोजलं आहे. 2019 च्या सरकारी पाहणीत 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. त्या सगळ्याच अंग येण्याच्या रुग्ण नव्हत्या, हे खरं. पण पिशवी किती सहज काढली जाते, ते यातून दिसतं.

गर्भाशय राखून आधार द्यायची कल्पना परकी नाही. गेल्या शतकातच मुंबईच्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी गर्भाशयाचा खालचा भाग मागे त्रिकास्थीला पट्टीनं टांगला, डॉ. बी. एन. पुरंदऱ्यांनी पुढे पोटाच्या भिंतीला. तेव्हा पोट उघडावं लागे. आज हीच कामं दुर्बिणीनं होतात. दुखणं कमी, घरी लवकर. योनीमार्गानंही गर्भाशय टाके घालून धरता येतं. नेदरलँड्समध्ये 208 स्त्रियांवर झालेल्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही पद्धत वर्षभरानंतर पिशवी काढण्याच्या तोडीस तोड ठरली.

मात्र ‘छोटं छिद्र’ म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे. अंग सावरायला योनीमार्गे बसवायच्या जाळीची विक्री अमेरिकेच्या औषध नियामकानं एप्रिल 2019 मध्ये थांबवली. सुरुवातीच्या अवस्थेत तर व्यायाम आणि योनीत बसवायची रिंग यांवरही भागू शकतं. काही जणींची पिशवी काढावीच लागते, पण तेव्हाही योनीचा माथा बांधायलाच हवा.

म्हणून ऑपरेशनच्या कागदावर अंगठा उठवण्याआधी बाईनं, निदान तिच्या सोबत आलेल्या लेकीनं, डॉक्टरांना विचारावं: पिशवी ठेवून भागेल का, आणि काढलीच तर माथा कशाच्या आधाराला बांधणार?