अपेक्षेची वाटणी

प्रथम सत्राची परीक्षा संपून शाळांना दिवाळीची सुट्टी लागते, तेव्हा वर्षाचे जवळजवळ अर्धे शिकवणे अजून व्हायचे असते. तरीही कोणते मूल हुशार, कोणते मध्यम आणि कोणते ढ, याचा निवाडा बहुतेक वर्गांत तोपर्यंत कायम झालेला असतो. हा निवाडा प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यात अर्धामुर्धाच उतरतो, परंतु शिक्षकाला, वर्गातल्या इतर मुलांना आणि ज्याच्याविषयी तो झाला त्या मुलालाही तो पुरता ठाऊक असतो. महाराष्ट्रात शाळेविषयीची चर्चा माध्यम, अभ्यासक्रम, परीक्षा आणि इमारती यांभोवतीच फिरत राहते; शिक्षकाच्या मनातला हा हिशेब तिच्यातून सुटून जातो, म्हणून यंदाच्या अंकाच्या आरंभी त्याचाच विचार करणे योग्य वाटते.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ साली ‘स्वतःच स्वतःला खरे ठरवणारे भाकीत’ ही संकल्पना मांडली. एखादी चुकीची समजूत लोकांनी खरी मानली, तिला धरून ते वागू लागले आणि त्या वागण्यामुळेच ती खरी ठरली, की तिला हे नाव लागू पडते. बँक बुडणार अशी अफवा उठल्यावर सगळे ठेवीदार एकाच दिवशी पैसे काढायला धावले तर धडधाकट बँकही बुडते, हे मर्टन यांचे उदाहरण मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. हीच गोष्ट वर्गात घडते का, हे तपासण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न रॉबर्ट रोझेन्थाल हे मानसशास्त्रज्ञ आणि लेनोर जेकबसन या मुख्याध्यापिका यांनी कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत केला. १९६४ साली त्यांनी मुलांची एक साधी बुद्धिमापन चाचणी घेतली, ती ‘लवकरच झेप घेणारी मुले’ ओळखणारी नवी चाचणी आहे असे शिक्षकांना सांगितले, आणि नव्या वर्षाच्या आरंभी प्रत्येक वर्गातील काही नावे त्यांच्या हाती ठेवली. शाळेतील सुमारे २० टक्के मुले या यादीत होती आणि त्यांची निवड चाचणीशी काहीही संबंध न ठेवता, निव्वळ यदृच्छेने झालेली होती. वर्षाअखेरीस पुन्हा मोजणी झाली तेव्हा यादीतील पहिलीच्या मुलांचा बुद्ध्यांक, म्हणजे वयाच्या मानाने बौद्धिक क्षमता दाखवणारा आकडा, इतरांपेक्षा सरासरी १५ गुणांनी आणि दुसरीच्या मुलांचा सुमारे १० गुणांनी अधिक वाढलेला आढळला. तिसरीपासून पुढे मात्र असा ठळक फरक दिसला नाही. १९६८ साली हे संशोधन ‘पिग्मॅलियन इन द क्लासरूम’ या पुस्तकातून प्रसिद्ध झाले, आणि आपणच घडवलेल्या पुतळ्याच्या प्रेमात पडणाऱ्या ग्रीक पुराणकथेतील शिल्पकाराचे नाव शिक्षणशास्त्रात रूढ झाले.

या पुस्तकातील एका निष्कर्षाकडे फारसे लक्ष गेले नाही, आणि महाराष्ट्रासाठी तोच अधिक महत्त्वाचा आहे. त्या शाळेत प्रत्येक इयत्तेच्या तीन तुकड्या होत्या: जलद, मध्यम आणि मंद. मंद तुकडीतील काही मुलांनी, यादीत नाव नसतानाही, वर्षभरात चांगली प्रगती केली. परंतु शिक्षकांनी या मुलांविषयी दिलेले अभिप्राय प्रगतीबरोबर सुधारले नाहीत, उलट ज्यांनी अधिक प्रगती केली त्यांच्याविषयी ते अधिक प्रतिकूल होते. ज्या मुलाकडून कोणाची काही अपेक्षा नव्हती, ते पुढे सरकले तर त्याचे कौतुक होईल, हा साधा विश्वासही तेथे टिकला नाही.

या प्रयोगावर कठोर टीका झाली आणि ती रास्त होती. वापरलेली चाचणी लहान मुलांना मोजण्यास योग्य नव्हती, काही मुलांचे आरंभीचे गुण अविश्वसनीय वाटावेत इतके कमी होते, असे रॉबर्ट थॉर्नडाइक यांच्यासारख्या मापनतज्ज्ञांनी पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच वर्षी दाखवून दिले. पुढच्या काही दशकांत अशाच धर्तीचे पुष्कळ प्रयोग झाले. त्यांचा एकत्रित आढावा ली जसिम आणि केंट हार्बर यांनी २००५ साली घेतला, तेव्हा शिक्षकांच्या अपेक्षा बहुतांशी मुलांच्या प्रत्यक्ष कामगिरीवरच बेतलेल्या असतात, त्यांचा स्वतंत्र परिणाम सरासरीने लहान असतो आणि वर्षागणिक साचत जाण्याऐवजी तो बहुधा विरत जातो, असे चित्र पुढे आले. प्रेरणादायी व्याख्यानांतून या प्रयोगाला जी जादू चिकटवली जाते, ती पुराव्यात नाही. शिक्षकाने मनात आणले म्हणून कोणतेही मूल काहीही होते, असे म्हणणे मुलांवर आणि शिक्षकांवरही अन्याय करणारे आहे.

परंतु सरासरी लहान आहे म्हणजे सर्वत्र लहान आहे असे नव्हे. ज्या मुलांच्या समूहाविषयी समाजात आधीपासूनच हीन समजूत आहे, त्यांच्यावर हा परिणाम बराच मोठा असू शकतो, हे त्याच आढाव्यात नोंदलेले आहे. ज्याच्या घरी पुस्तके आहेत, शिकवणी लावण्याची ऐपत आहे, शाळेत जाऊन गुरुजींना प्रश्न विचारू शकतील असे आईवडील आहेत, त्या मुलाला एका शिक्षकाचे प्रतिकूल मत पचवता येते. ज्याच्यासाठी शाळेबाहेर अक्षरओळख देणारे कोणीच नाही, त्याच्यासाठी तेच मत अखेरचे ठरते. अर्थतज्ज्ञ कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली, तेव्हा मुलांची जात जाहीर झाली नव्हती तोवर उच्च आणि दलित जातींच्या मुलांत म्हणण्याजोगा फरक नव्हता. सगळ्यांसमक्ष नाव आणि जात उच्चारली गेली, आणि दलित मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी भारतात शिक्षकांकडून उत्तरपत्रिका तपासून घेतल्या आणि मुखपृष्ठावरची जात यदृच्छेने बदलली, तेव्हा खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या नावे असलेल्या उत्तरपत्रिकांना थोडे कमी गुण मिळाले. हा फरक लहान होता, परंतु तो मुख्यतः त्याच जातींतून आलेल्या शिक्षकांच्या तपासणीत दिसला, ही बाब अंतर्मुख करणारी आहे. रे रिस्ट यांनी अमेरिकेतील गरीब कृष्णवर्णीय वस्तीतल्या बालवर्गाचे जे निरीक्षण १९७० साली प्रसिद्ध केले, त्यातही शिक्षिका कृष्णवर्णीयच होती; कोणतीही चाचणी न घेता, शाळेच्या आठव्या दिवशी, कपडे, बोली आणि घरची माहिती यांवरून तिने मुलांना तीन टेबलांवर बसवले, आणि दुसरीत पोचेपर्यंत मुले जवळजवळ त्याच क्रमाने बसत राहिली. हीन समजूत ही केवळ वरच्यांनी खालच्यांविषयी बाळगलेली नसते. ती समाजाच्या हवेत असते आणि शिक्षक ती इतरांप्रमाणेच घेत असतो.

मनातले मत मुलापर्यंत पोचते कसे, हा यापुढचा प्रश्न. रोझेन्थाल यांनी त्याचे चार मार्ग सांगितले: शिक्षकाच्या वागण्यातील आपुलकी, मुलापुढे ठेवलेल्या आशयाची मात्रा व काठिण्य, उत्तर देण्याची संधी, आणि उत्तरावर मिळणारा प्रतिसाद. यांतील पहिला मार्ग सहज डोळ्यांत भरतो, म्हणून प्रशिक्षणांत प्रेमाने वागण्याचा उपदेश भरपूर होतो. शिकण्याच्या दृष्टीने उरलेले तीन अधिक निर्णायक आहेत, आणि ते शिक्षकाच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाहीत. विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून असे मोजले की, प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतो आणि मग स्वतः उत्तर देतो किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतो. आणि ज्यांना तो हुशार समजतो त्यांच्यासाठी तो अधिक थांबतो, ज्यांना कच्चे समजतो त्यांच्यासाठी कमी. म्हणजे ज्याला विचार करायला अधिक वेळ हवा, त्यालाच तो कमी मिळतो. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. कच्च्या मुलाची चारचौघांत फजिती होऊ नये म्हणून दयेपोटीही शिक्षक पुढे सरकतो. त्या दयेतून मुलाने जे शिकायचे ते एवढेच, की आपल्या उत्तराची वाट कोणी पाहत नाही.

मराठी शाळांत ही वाटणी एका वर्गाच्या चार भिंतींत राहत नाही, ती व्यवस्थेत उतरलेली आहे. गेल्या वर्षीच्या गुणांवरून ‘अ’ तुकडी पाडणे, सेमी-इंग्रजीचा वर्ग हा हुशारांचा वर्ग म्हणून भरणे, अनुभवी शिक्षक तिकडे देणे, शिष्यवृत्तीच्या जादा तासांना निवडक मुलेच बसवणे, हे अनेक शाळांत इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही निर्णय घेतला जातो असे कोणाला वाटतही नाही. आणि दिवाळीच्या याच दिवसांत, साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होताना, बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात व त्यांच्याबरोबर मुलेही जातात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावी राहतात. जी जातात ती मार्च-एप्रिलमध्ये परततात, तेव्हा त्यांचे नाव हजेरीपटावर असते, परंतु शिक्षकाच्या पाठनियोजनात ती नसतात. परतणाऱ्या मुलासाठी काय शिकवायचे याची तयारी शाळेने केलेली नसणे हीसुद्धा अपेक्षाच आहे, आणि ती शब्दांवाचून सांगितली जाते.

याचा दोष एकट्या शिक्षकाच्या माथी मारणे सोपे आहे आणि खोटे आहे. साठ मुलांच्या माध्यमिक वर्गात, किंवा चार इयत्ता एकदम सांभाळाव्या लागणाऱ्या द्विशिक्षकी शाळेत, निवडणुकीची कामे, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरून झाल्यावर जो वेळ उरतो, त्यात अभ्यासक्रम पूर्ण करण्याचे बंधन असते. तो पूर्ण होतो तेव्हा पुढच्या बाकांवरच्या काही मुलांच्या गतीने होतो. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी हे मत आग्रहाने मांडले आहे की, भारतीय शाळेची सारी मांडणीच वरच्या थरातील मुलांना पुढे काढण्यासाठी झालेली आहे आणि शिक्षक त्या मांडणीशी इमान राखतो. १९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमाचा त्यांनी अभ्यास केला, त्याचा अर्थ या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. मुंबई आणि वडोदरा येथील पालिका शाळांत, मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना वस्तीतल्याच, अल्प मानधनावर काम करणाऱ्या आणि थोडक्या प्रशिक्षणाच्या तरुणींनी रोज सुमारे दोन तास वाचन-गणिताच्या पायाभूत गोष्टी शिकवल्या, आणि मुलांचे शिकणे स्पष्टपणे सुधारले. या तरुणींकडे नियमित शिक्षकांपेक्षा अधिक ज्ञान नव्हते. त्यांना काम मात्र एकच दिले होते, समोरचे मूल जेथे आहे तेथून त्याला पुढे नेण्याचे.

महाराष्ट्राला ही दृष्टी बाहेरून आणावी लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा वारली मुले शाळेत येत नाहीत याचा अर्थ त्यांना शिक्षणाची गोडी नाही असा लावणे सर्वमान्य होते. त्यांनी तो अर्थ नाकारला. बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, बिया, शिंपले, पाने यांचे शैक्षणिक साहित्य केले. त्याहून सुमारे शंभर वर्षे आधी जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग जातीच्या मुलीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. जिच्या जातीला अक्षरही शिवू द्यायचे नाही असा दंडक होता, त्या मुलीकडून धर्माविषयी आणि न्यायाविषयी स्वतःचा युक्तिवाद मिळावा, एवढ्या उंचीचे शिक्षण त्या शाळेने तिला दिले. ती केवळ साक्षर व्हावी एवढ्यावर ती शाळा थांबली नव्हती.

मग आजच्या शिक्षकाची अपेक्षा बदलावी कशी? स्टीफन राउडेनबुश यांनी १९८४ साली रोझेन्थाल यांच्या धर्तीच्या १८ प्रयोगांची तुलना केली, तिचा निष्कर्ष धोरणकर्त्यांनी मनावर घ्यावा असा आहे. शिक्षकाची मुलांशी ओळख होण्यापूर्वी, किंवा फार तर पहिल्या आठवडाभरात, त्यांच्याविषयी चांगली माहिती पुरवली तर परिणाम दिसतो. ओळखीला दोन आठवडे उलटून गेले की कागदावरून आलेली कोणतीही माहिती शिक्षकाचे बनलेले मत हलवत नाही. परिपत्रके काढून, घोषवाक्ये भिंतीवर रंगवून, प्रत्येक मूल शिकू शकते असे प्रशिक्षणात वदवून घेऊन हाती फारसे लागत नाही, याचे कारण येथे सापडते. न्यूझीलंडमधील संशोधक क्रिस्टीन रुबी-डेव्हिस यांनी वेगळी वाट धरली: सगळ्याच मुलांकडून अधिक अपेक्षा ठेवणारे शिक्षक वर्गात प्रत्यक्ष काय करतात ते त्यांनी टिपले, आणि मुलांना क्षमतेनुसार कायमचे न विभागणे, आव्हानात्मक काम सर्वांना खुले ठेवणे, प्रत्येकाबरोबर पुढचे उद्दिष्ट ठरवणे या कृती इतर शिक्षकांना शिकवल्या; त्या शिक्षकांच्या वर्गांत गणिताची प्रगती वाढली. मेरी बड रो यांचा अनुभवही याच दिशेचा आहे. शिक्षकांना त्यांनी मुलांविषयीचे मत बदला असे सांगितले नव्हते, फक्त प्रश्नानंतर किमान तीन सेकंद थांबण्याची सवय लावली होती. उत्तरे लांब झाली, ‘माहीत नाही’ म्हणणारी मुले कमी झाली, कच्ची समजलेली मुले बोलू लागली; आणि त्यांची उत्तरे प्रथमच पूर्ण ऐकल्यानंतर त्या मुलांविषयीचे शिक्षकांचे मत आपोआप बदलत गेले.