बंदरावरचे मोजके तास आणि कोचीचे ऊन

मुंबईच्या धक्क्यावरून निघून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करणाऱ्या क्रूझ जहाजांवर आता आपल्या समाजातील कुटुंबे आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत एकत्र प्रवास करताना दिसतात. कंदमुळांशिवायचे जेवण आगाऊ सांगितल्यास मिळते, सामानाची बांधाबांध एकदाच करावी लागते, आणि वृद्धांना स्थानकांवर जिने चढावे-उतरावे लागत नाहीत. जहाजावरील दिवसांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. तेथे सारे आखून दिलेले असते. कुटुंबाची खरी परीक्षा होते ती जहाज सकाळी एखाद्या बंदराला लागते आणि संध्याकाळी सुटते त्या दिवशी. अनोळखी गाव, डोक्यावर ऊन, हाताशी मोजके तास, आणि एकाच घरातील कुणाचे पाय सहा वर्षांचे तर कुणाचे शहाऐंशी वर्षांचे. गेल्या फेब्रुवारीत आम्ही सात जण असा एक दिवस कोचीत राहिलो. त्या अनुभवाच्या आधारे या वेळचा लेख.

प्रथम उन्हाविषयी. कोचीचा पारा बहुतेक वर्षभर तीस ते चौतीस अंशांच्या आसपास फिरतो. नागपूर, सोलापूर, जळगाव येथील वाचकांना हा आकडा किरकोळ वाटेल. त्यांनी याहून दहा-बारा अंश अधिक सोसलेले असतात. परंतु कोरड्या प्रदेशात घाम वाळतो आणि वाळताना अंग थंड करतो. समुद्रकाठच्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता वाहतो. शरीरातील पाणी व क्षार जातात आणि अंग थंड होत नाही ते नाहीच. त्यात वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीचे प्रमाण वाढवतात. म्हणजे ज्यांना पाण्याची गरज अधिक, त्यांनाच ती कमी जाणवते.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. घरातील ज्येष्ठांपैकी कुणी ना कुणी उकळलेलेच पाणी पितात आणि सूर्यास्तानंतर चौविहार पाळतात. त्यांच्या बाटलीतील पाणी संपले की रस्त्यावरील दुसरी बाटली विकत घेऊन प्रश्न सुटत नाही. आमच्याच जहाजावर एक कुटुंब होते. मुलाने मोठ्या उत्साहाने मोटार ठरवून सकाळी साडेनऊपासून सहा-सात ठिकाणे आखली होती. आजोबा उकळलेले पाणी पिणारे. त्यांची बाटली अकराच्या सुमारास संपली. ते कुणालाही काही बोलले नाहीत. मुलांचा बेत आपल्यामुळे मोडू नये एवढाच त्यांचा विचार. एक वाजता फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर ते खाली बसले ते उठलेच नाहीत. रुग्णालयात सलाइन लावल्यावर सुदैवाने सावरले. जहाज मात्र ठरल्या वेळी सुटले. मुलगा व आजोबा मागे राहिले, सून व मुले जहाजावर. पुढचे दोन दिवस त्या माउलीने कसे काढले ते आम्ही पाहिले आहे.

मला त्या मुलाला दोष द्यावासा वाटत नाही. त्याने वडिलांना वाटेत दोनदा विचारले होते, "थकलात का?" आणि दोन्ही वेळा उत्तर आले होते, "नाही रे." आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांकडून दुसरे उत्तर कधी येणार आहे? म्हणून माझे मत असे बनले आहे की बंदरावरील दिवसाचा बेत असा आखावा, की त्यांना ते सांगण्याची वेळच येऊ नये.

आता प्रत्यक्ष कोचीकडे वळू. जहाज लागते ते विलिंग्डन बेटाच्या धक्क्याला. हे बेट मानवनिर्मित आहे. इंग्रज अभियंता रॉबर्ट ब्रिस्टो 1920 साली येथे आले. बंदराची खाडी खोल करताना उपसलेला गाळ टाकून ही जमीन तयार झाली व तिला व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन यांचे नाव मिळाले. नातवंडांना ही गोष्ट जहाजाच्या कठड्याशी उभे राहून सांगावी, कारण बेटावर स्वतंत्र पाहण्यासारखे थोडेच आहे. गोदामे, कचेऱ्या, रुंद रस्ते. धक्क्याबाहेर पडून पायी गाव गाठू असा विचार कुणी करू नये. पश्चिमेस मट्टनचेरी व फोर्ट कोची, पूर्वेस एर्नाकुलम. कोठेही जायचे तर वाहन किंवा बोट हवीच.

रिक्षात तीनच प्रवासी बसवण्याचा नियम आहे. सात जणांना तीन रिक्षा लागतात, आणि तीन रिक्षा म्हणजे तीन चालकांशी बोलणी व वाटेत तीन ठिकाणी होणारी चुकामूक. सहापेक्षा अधिक माणसे असतील तर एक मोठी वातानुकूलित गाडी अर्ध्या दिवसासाठी ठरवणे सोयीचेच नव्हे, पुष्कळदा स्वस्तही पडते. गाडी ठरवताना "दुकाने नकोत" हे आधीच स्पष्ट सांगावे. काही चालकांना प्रवासी दुकानात नेल्याबद्दल दलाली मिळते. त्यात आपली वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात, आणि बंदराच्या दिवशी पैशापेक्षा मिनिटे महाग असतात.

दुसरा मार्ग पाण्याचा. एप्रिल 2023 मध्ये सुरू झालेली कोची वॉटर मेट्रो आता विलिंग्डन बेट, मट्टनचेरी व फोर्ट कोची येथेही जाते. बोटी वातानुकूलित असून विजेवर चालतात. धक्क्याचा तराफा भरती-ओहोटीबरोबर वरखाली होतो, त्यामुळे बोटीची कड व धक्का एका पातळीत राहतात. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. मात्र बोटींच्या वेळा आदल्या दिवशी पाहून ठेवाव्यात. दोन बोटींमधील अंतर उन्हात उभे राहून मोजणे शहाणपणाचे नाही. आम्ही सकाळी गाडीने गेलो. मुलगा, सून व नातू यांनी मात्र पुढे बोटीचाही आनंद घेतला; ते ओघाने येईल.

प्रवासी पुस्तिका फोर्ट कोची व मट्टनचेरी यांना एका दमात गुंफतात. दोन्हींत अंतर दोन-तीन किलोमीटरचेच आहे, पण प्रत्येक ठिकाणी उतरणे, चालणे, चपला काढणे, पुन्हा चढणे हे धरले तर दोन्ही मिळून वृद्धांसाठी एक दिवस होत नाही. फोर्ट कोचीला समुद्रकिनारा, चिनी पद्धतीची प्रचंड मासेमारीची जाळी आणि सेंट फ्रान्सिस चर्च. वास्को द गामाचे 1524 मध्ये कोचीत निधन झाले व त्यास प्रथम येथेच पुरले होते; पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले. त्या चर्चच्या छताला लांबलचक कापडी पंखे टांगलेले आहेत. त्यांच्या दोऱ्या भिंतीबाहेर काढलेल्या; बाहेर उन्हात बसलेल्या माणसाने ओढायच्या आणि आत प्रार्थना करणाऱ्यांना वारा लागायचा. कोचीच्या उकाड्याचा याहून बोलका पुरावा मी पाहिलेला नाही. तरीही किनारा उघडा आहे, सावली तुटक आहे, आणि मासळीचा बाजार जाळ्यांना लागूनच भरतो. आपल्यापैकी अनेकांना, विशेषतः आईच्या पिढीला, ते दृश्य व तो वास सहन होत नाही. आम्ही ज्येष्ठांसाठी मट्टनचेरी निवडले ते यासाठी.

मट्टनचेरीच्या गुजराती रोडवर श्री धर्मनाथ भगवंतांचे, म्हणजे पंधराव्या तीर्थंकरांचे, मंदिर आहे. शंभर वर्षांहून जुने, पांढऱ्याशुभ्र संगमरवराचे. मिरी, वेलदोडे, सुंठ, नारळ यांच्या व्यापारासाठी कच्छ-काठियावाडहून आलेल्या घराण्यांनी हा भाग वसवला. रस्त्यावर आजही फरसाण-मिठाईची जुनी दुकाने आहेत आणि दारातून गुजराती कानावर पडते. थोड्या अंतरावर, गोव्यातून पोर्तुगीज अमलात निघून आलेल्या कोकणी भाषकांचे तिरुमल देवस्थान आहे. आईला केरळात आल्यापासून एकही शब्द कळला नव्हता. येथे तिने पेढीवरील गृहस्थांशी पाऊण तास गप्पा मारल्या. प्रवासात म्हाताऱ्या माणसाला कुणाशी तरी मनमोकळे बोलता येणे हीसुद्धा विश्रांतीच असते, हे पर्यटन कंपन्यांच्या वेळापत्रकात बसत नाही.

या मंदिरात दुपारी पारव्यांना दाणे घालण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. घंटा होताच शेकडो पारवे शिखराभोवती घिरट्या घालून अंगणात उतरतात. मुलांना ते पाहायचेच असते. अडचण अशी की ती वेळ नेमकी भर उन्हाची. आम्ही साडेआठला धक्का सोडला, नऊपर्यंत मंदिरात पोहोचलो, पूजा-दर्शन सावकाश केले आणि पुढचा वेळ मंडपाच्या सावलीत काढला. थोरला नातू, मुलगा व सून तेवढ्यात जवळचा मट्टनचेरी राजवाडा पाहून आले. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बांधून कोचीच्या राजाला दिलेला, डचांनी दुरुस्त केलेला, भिंतींवर रामायणाची चित्रे असलेला हा वाडा शुक्रवारी बंद असतो. त्यामागील ज्यू वस्तीतील 1568 चे प्रार्थनास्थळ शनिवारी बंद असते. जहाज कोणत्या वारी कोचीत आहे ते पाहूनच आशा धरावी. याच गल्ल्यांत एके काळी मिऱ्यांचा वायदेबाजार चाले. जगातील मिऱ्यांचा भाव जेथे ठरत असे त्या इमारतीसमोरून लोक आज पितळी दिवे विकत घेऊन जातात. मला तेथे आणखी अर्धा तास थांबायला आवडले असते. सौभाग्यवतींना ते मान्य नव्हते.

पारव्यांचा सोहळा सावलीतून पाहिला. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी त्या वेळी अंगणापासून दूर राहावे, हे आवर्जून सांगतो. आणि एक बारीकशी बाब: अंगणातील फरशी दुपारी तापते. अनवाणी चालण्याची सवय मोडलेल्या मुलांचे तळवे पोळतात. त्यांना कडेच्या सावलीतून न्यावे.

पाण्याची व्यवस्था आईच्या नियमाप्रमाणे केली. जहाजाच्या स्वयंपाकघरात आदल्या रात्री सांगून ठेवल्यावर सकाळी सहाला उकळलेले पाणी मिळाले. ते गाळून स्टीलच्या दोन थर्मासांत भरले. उकळलेल्या पाण्याची मर्यादा उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात चार व पावसाळ्यात तीन प्रहरांची. मी आईला गमतीने म्हटले, "या उकाड्यात हिवाळा कसला धरतेस?" ती म्हणाली, "पंचांग कोचीला वेगळं नसतं." चार प्रहर म्हणजे साधारण बारा तास, तेवढ्यात काम भागले. एका थर्मासमध्ये लिटरला सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातले होते. चमचा चहाचा, लहान. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी याबाबत आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. दर अर्ध्या तासाने अर्धी वाटी द्यायची, तहान लागली का हे विचारायचे नाही. हे काम धाकट्या नातीकडे सोपवले. मुलाने विचारले की आजी "नको" म्हणते. सहा वर्षांच्या पणतीने वाटी पुढे केली की घेते.

केरळच्या साध्या खानावळीत टेबलावर फिकट गुलाबी पाणी येते. पतंगाच्या लाकडाचे तुकडे किंवा जिरे घालून ते उकळलेले असते. नियम नसलेल्यांसाठी उत्तम. परंतु ते केव्हा उकळले, त्यात मागाहून गार पाणी मिसळले का, हे कळायला मार्ग नाही; व्रत असणाऱ्यांनी आपलेच पाणी जवळ ठेवावे. शहाळ्याचा प्रश्न तिथीवर अवलंबून. रस्त्यावरील लिंबू सरबतात काही ठिकाणी आले ठेचून घालतात, तेव्हा आधी विचारून घ्यावे.

दीड वाजता आम्ही चौघे, म्हणजे आई, सौभाग्यवती, धाकटी नात व मी, जहाजावर परतलो होतो. मुलगा, सून व थोरला नातू बोटीने फोर्ट कोचीला गेले. त्यांच्यासाठी एकच अट होती: जहाजावर परतण्याची जी अंतिम वेळ छापलेली असते, तिच्या दीड तास आधी धक्क्याच्या फाटकात हजर. जहाजाने आयोजित केलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज बहुधा थांबते. आपण स्वतंत्र फिरत असू तर थांबत नाही. जहाजाची सहल महाग असते, ती या हमीपोटी. ज्यांना ती घ्यायची नाही त्यांनी हा दीड तास स्वतःच्या वेळेतून बाजूला काढून ठेवावा. विलिंग्डन बेटाकडे येणाऱ्या पुलांवर संध्याकाळी वाहनांची गर्दी होते.

फेब्रुवारीत कोचीचा सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होतो. आईचे जेवण सव्वापाचलाच झाले होते. जहाजाने साडेपाचला धक्का सोडला. बंदरातून समुद्रात जाण्याची वाट फोर्ट कोची व वायपीन यांच्यामधून आहे. डाव्या हाताच्या कठड्याशी जागा धरली तर ती चिनी जाळी, दिवसभर लोक जी पाहायला उन्हात उभे असतात तीच, एकामागून एक समोरून सरकत जातात. आईसाठी खुर्ची अर्धा तास आधीच तेथे नेऊन ठेवली होती.