सॉफ्टबॉल शाळेचा, पण प्रमाणपत्र कुणाचं? शासनाचं की संघटनेचं?

बोईसरजवळच्या बेटेगावातली एखादी मुलगी शाळेच्या सॉफ्टबॉल संघात आहे असं समजा. संघ जिंकला, हातात प्रमाणपत्र आलं. ते दहावीच्या गुणांना आणि पुढे नोकरीला चालेल का? उत्तर खेळावर कमी आणि कागदावरच्या शिक्क्यावर जास्त ठरतं.

आधी खेळ समजून घेऊ

सॉफ्टबॉल हा बेसबॉलचा धाकटा भाऊ. जन्म शिकागोत, 1887 साली. चेंडू मोठा, मैदान लहान, फेक खांद्याखालून. एका संघात 9 खेळाडू आणि सामना 7 डावांचा.

आपल्याकडे दोन वाटा आहेत

पहिली वाट शासनाची. क्रीडा व युवक सेवा संचालनालय शालेय स्पर्धा भरवतं. गट तीन: 14, 17 आणि 19 वर्षांखालील. आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य. राज्याचा संघ पुढे भारतीय शालेय खेळ महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरतो. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला, त्यामुळे इथल्या शाळांचा संबंध येतो तो पालघरच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाशी.

दुसरी वाट संघटनेची. जिल्हा संघटना राज्य संघटनेला जोडलेली, राज्य संघटना राष्ट्रीय संघटनेला. त्यांच्या अजिंक्यपद स्पर्धा आणि निवड चाचण्या वेगळ्या असतात.

अमेरिकेत काय होतं?

तिथे प्रत्येक राज्यात शाळांचीच सभासद-संस्था असते. पात्रता, वेळापत्रक, राज्य अजिंक्यपद, सगळं तीच बघते. तीन लाखांहून जास्त मुली शाळेकडून सॉफ्टबॉल खेळतात. 1972 च्या 'टायटल नाइन' कायद्याने शिक्षणात लिंगभेदाला बंदी घातली, त्याचा यात मोठा वाटा आहे. आपल्याकडे हेच काम शासन आणि संघटना यांच्यात वाटलं गेलंय.

मग अडचण कुठे येते?

महाराष्ट्रात दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे. म्हणजे प्रमाणपत्राला मोल आहे, आणि जिथे मोल तिथे बनावट. बोगस प्रमाणपत्रांवर नोकरी मिळवल्याची प्रकरणं राज्यात उघड झाली आहेत. म्हणूनच नोकरीसाठीच्या प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांकडे होते. संघटनेला मान्यता नसेल, तर खरोखर खेळलेल्या मुलीचा कागदही बाद ठरू शकतो. चूक संघटनेची, फटका तिला.

नवा कायदा काय म्हणतो?

राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याला 18 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्यात संघटनांना मान्यता देणारं राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि वाद सोडवणारं न्यायाधिकरण आहे. राष्ट्रीय संघटनेच्या कार्यकारिणीत किमान 4 महिला असाव्यात, अशीही तरतूद आहे. राज्य आणि जिल्ह्याच्या संलग्न संघटनांनाही याची झळ लागेल. पण कुठली संघटना खरी, हे गावातल्या पालकाला सहज कळेल, तेव्हाच या कायद्याचा उपयोग झाला म्हणायचं.

तोवर पालकांनी काय करावं?

स्पर्धेची फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. आयोजक कोण? त्यांची संलग्नता कुणाशी? हे प्रमाणपत्र सवलतीच्या गुणांना चालतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आयोजकाकडून नको, जिल्हा क्रीडा कार्यालयातून घ्या.

2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतोय. जाहिराती वाढतील, स्पर्धाही वाढतील. मुलीने बॅट जरूर हातात घ्यावी. शिक्का मात्र घरच्यांनी तपासावा.